बिनफोडणीचं वरण

या पुस्तकाचं टंकलिखित माझ्या हाती आलं तेव्हा जूनचा दुसरा आठवडा होता. पाऊस लागून राहिला होता, पन्हाळीतून पाण्याची धार पडत होती, आणि मी खिडकीशी बसून उन्हात भात कसा शिजवायचा ते वाचत होतो. चौथ्या पानावर मला हसू आलं. तिथे लेखकांनी शाळेचं आणि सूर्याचं वेळापत्रक शेजारी शेजारी मांडलं आहे. आपल्याकडे शाळा उघडते पावसाबरोबर. ऊन पहिल्यांदा अंगावर येतं ते ऑक्टोबरात, तेव्हा सहामाही असते. मग दिवाळीची सुट्टी. मार्चपासून ऊन चढायला लागतं तेव्हा वार्षिक परीक्षा मानगुटीवर, आणि मे महिन्यात, सूर्य बरोबर डोक्यावर असताना, शाळेला कुलूप. मधे उरतात दिवाळी ते फेब्रुवारी असे तीनेक महिने. त्यातून स्नेहसंमेलन, सहल आणि क्रीडास्पर्धा वजा करा. म्हणून लेखक सांगतात की आराखडे पावसाळ्यात काढा, पुठ्ठे आणि काचा दसऱ्यापर्यंत जमवा, आणि सूर्यचुलीची पेटी उन्हात ठेवा ती दिवाळीनंतर.

एवढी साधी गोष्ट सांगायला पुस्तक कशाला, असं कुणी म्हणेल. मला ती कुणी सांगितली नव्हती. माणदेशाच्या कडेला एका शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. नववीच्या मुलांकडून पहिली सूर्यचूल करवून घेतली ती जुलैत, कारण उष्णतेचा धडा तेव्हा आला होता. तिकडे पाऊस कमी, पण ढग काही कमी नसतात. अकरा दिवस आम्ही आभाळाकडे बघत बसलो. बाराव्या दिवशी उघडीप मिळाली, पेटी पटांगणात ठेवली, आणि अर्ध्या तासात वर्षभरातून चारदा येणाऱ्या सरींपैकी एक नेमकी आली. पुठ्ठ्याचा लगदा झाला. तांदूळ भिजले, तेवढंच काय ते फळ.

सूर्यचूल म्हणा, सौर कुकर म्हणा. वस्तू तशी साधी. एका पेटीत दुसरी पेटी, दोन्हींच्या मधल्या फटीत उष्णता अडवणारं काहीतरी, आतला तळ काळा, वर काच, आणि झाकणाला आतून आरसा किंवा चांदीसारखा चकचकीत कागद. आत झाकणाचे काळे डबे. मापं दिली तर आठवीतली मुलं एका दुपारी ती जोडतील. या पुस्तकात मापं नाहीत. मी पानं उलटून शोधली. ‘साहित्य, कृती, निष्कर्ष’ हे आपल्या प्रयोगवहीतलं त्रिकूटही कुठे नाही. पहिल्या प्रकरणात फक्त अटी आहेत: पाव किलो तांदूळ दुपारी दोनच्या आत शिजले पाहिजेत, पेटीचा खर्च ठरलेल्या रकमेच्या वर जाता कामा नये, आणि ती एका मुलाला उचलता आली पाहिजे. बाकी मुलांनी ठरवायचं. लांबी, रुंदी, खोली, काच एक की दोन, फटीत काय भरायचं, आरसा कुठल्या बाजूला, सगळं.

हे वाचून अनेक शिक्षक बिचकतील हे मला ठाऊक आहे, कारण मीही बिचकलो असतो. आपल्या विज्ञान प्रदर्शनांत काय चालतं ते आपण सगळे जाणतो. स्टेशनरीच्या दुकानात ‘प्रकल्प’ तयार मिळतो, त्यावर मुलाचं नाव घालायचं असतं. प्रयोगवहीत निष्कर्ष आधी उतरवला जातो आणि प्रयोग, झालाच तर, नंतर. अशा वह्यांवर मी स्वतः शेकड्यांनी सह्या केल्या आहेत. अमेरिकेतल्या शाळांतून पिझ्झाच्या खोक्याची सूर्यचूल करतात, तीही आता आपल्याकडे आली आहे. झाकणाला खिडकी कापायची, प्लास्टिकचा कागद ताणायचा, चकचकीत कागद लावायचा; एका तासिकेत होते आणि आत चॉकलेट विरघळतं. चॉकलेट तर माझ्या खिशातही विरघळतं. भात शिजवून दाखव म्हटलं की खोकं गप्प बसतं, आणि माझ्या मते खरा अभ्यास तिथून सुरू होतो.

पुढच्या वर्षी आमच्या वर्गाने पाच गट करून पाच पेट्या केल्या. एकही धड चालली नाही, आणि प्रत्येकीचं न चालण्याचं कारण वेगळं होतं. एका गटाने फटीत थर्माकोल भरलाच, वर हौसेने आतल्या भिंतींनाही तोच लावला. नव्वद-पंचाण्णव अंशांच्या आसपास थर्माकोल दम सोडतो. दीड वाजता काच उचलली तर आतल्या भिंती लोणच्यातल्या जुन्या लिंबासारख्या मुरडलेल्या, आणि वास असा की भाताकडे बघवेना. गट रडवेला झाला. मी मनातून खूश होतो, कारण पेटी नव्वदच्या घरात गेली याचा थर्मामीटरपेक्षा भक्कम पुरावा समोर होता. मग थर्माकोल गेला आणि घराघरांतून जे मिळेल ते आलं: वर्तमानपत्रांचे बोळे, भाताचं तूस, वखारीतला भुसा, जुन्या गादीचा कापूस, आणि एका मुलीने आणलेली फाटकी गोधडी. कोणतं भरण चांगलं यावर आठवडाभर भांडणं झाली. एकाने वर्तमानपत्रं ठासून ठासून, विटांसारखी दाबून भरली होती. त्याची पेटी सैल बोळे भरलेल्या पेटीपेक्षा मागे पडायची. कागद उष्णता अडवत नाही, कागदांमधली अडकलेली हवा अडवते, हे त्याच्या लक्षात आलं ते सगळे बोळे पुन्हा उपसताना. धडा त्याने पाठ केलेला होता. उपयोग शून्य झाला होता.

दुसरी एक पेटी दिसायला सगळ्यांत देखणी होती. टीव्हीच्या खोक्यातून केलेली, आत चांगली तीस सेंटीमीटर खोल. ती तापेना. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. आपल्या अक्षांशावर, म्हणजे साधारण साडेअठरा अंशांवर, त्या दिवसांत भर मध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांच्या वर चढत नाही. तीस सेंटीमीटर उंच भिंतीची सावली तेव्हा सत्तावीस सेंटीमीटर पडते. पेटीचा तळ होता चाळीस सेंटीमीटर रुंद. म्हणजे काळ्या तळाच्या तीन हिश्श्यांपैकी दोन हिस्से दक्षिणेच्या भिंतीच्या सावलीत बसले होते. हे मुलांनी आधी त्रिकोणमितीने नाही, पट्टीने मोजून काढलं. त्रिकोणमिती दहावीत आली तेव्हा त्यांतला एकजण म्हणाला, “सर, ही तर आपली खोक्याची सावली.” आणखी एक गंमत त्याच पेटीने शिकवली. घड्याळात बारा वाजले की मुलं पेटी दक्षिणेला वळवून ठेवायची आणि सावली तिरपीच पडायची. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशाच्या हिशेबाने, आपण राहतो चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्याकडे खरी मध्यान्ह होते साडेबाराच्या सुमाराला. पटांगणात काठी रोवून सगळ्यात आखूड सावली केव्हा पडते ते टिपलं की हे कुणालाही दिसतं. शून्य सावलीचा दिवस हल्ली वर्तमानपत्रांत छापून येतो, पण तो बघायला शाळेत कुणी नसतं. मे महिना.

तिसऱ्या पेटीची दुखणी सगळ्यात स्वस्तात बरी झाली. तिची काच नीट बसत नव्हती, तापलेली हवा कडेने निसटत होती. एका मुलाने घरून उदबत्ती आणली आणि काचेच्या कडेकडेने फिरवली. धूर जिथे वर उसळला तिथे फट. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून तिची पट्टी काचेखाली दिली, पुठ्ठ्याचे सांधे कागद आणि कणकेच्या खळीने चिकटवले, आणि त्याच पेटीने दुसऱ्या दिवशी बारा अंश जास्त दाखवले. आमच्या हाती लागलेल्या सगळ्या सुधारणांत एवढा मोठा फायदा दुसऱ्या कशाने झाला नाही. काचेबद्दल पाठ्यपुस्तकं एकच वाक्य सांगतात, की ती ऊन आत येऊ देते आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. ते खरं आहे, पण अर्धं. १९०९ साली आर. डब्ल्यू. वूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने एका पेटीवर काच आणि दुसरीवर सैंधवाचा पातळ पत्रा बसवला. सैंधव म्हणजे खनिज मीठ. त्यातून अदृश्य उष्णकिरण बिनदिक्कत पार होतात. तरी दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. काचेचं मोठं काम आतली तापलेली हवा जागच्या जागी धरून ठेवणं हे होतं. आमच्या उदबत्तीवाल्याला वूडचं नाव माहीत नव्हतं.

आता एक मुद्दा, ज्यावर या पुस्तकाने दोन प्रकरणं खर्च केली आहेत आणि मला वाटतं अजून एक खर्चायला हरकत नव्हती. सोमवारची पेटी आणि बुधवारची पेटी यांची तुलना होऊ शकत नाही. आमच्याकडे हे सुचलं ते हरलेल्या गटाला. “सर, त्यांच्या दिवशी ऊन जास्त होतं,” अशी तक्रार आली. तक्रार रडीची होती आणि बरोबर होती. मग ठरलं की दोन्ही पेट्या एकाच वेळी, शेजारी शेजारी, सारखं पाणी घालून ठेवायच्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नियंत्रित प्रयोग हा शब्द मी त्या वर्षी वर्गात उच्चारलाच नाही, गरज पडली नाही. लेखकांची युक्ती याहून पुढची आहे: खेळण्यातला छोटासा सौरपत्रा आणि साधा मल्टीमीटर. पत्र्याची दोन टोकं मीटरमधून सरळ जोडली की जो प्रवाह दिसतो तो उन्हाच्या तीव्रतेच्या प्रमाणात असतो. ऊन मोजायचं एवढं स्वस्त यंत्र दुसरं नाही. हे यंत्र हाती आलं की भारतीय मानक ब्युरोची कसोटीही मुलांना लावून बघता येते. पेटीच्या सौर कुकरसाठी आयएस १३४२९ हे मानक आहे. त्यातला पहिला गुणांक असा काढतात: आरसा झाकून रिकामी पेटी उन्हात ठेवायची, तळाचं तापमान चढत चढत थांबलं की त्यातून बाहेरच्या हवेचं तापमान वजा करायचं, आणि उरलेल्या आकड्याला त्या वेळी दर चौरस मीटरवर पडणाऱ्या उन्हाच्या वॅटनी भागायचं. उत्तर ०.१२ किंवा त्याहून जास्त आलं तर पेटी वरच्या दर्जाची. आमच्या पुठ्ठ्याच्या सगळ्यात चांगल्या पेटीचं उत्तर ०.०८६ आलं, तेही अंदाजाने धरलेल्या उन्हावर. मुलांना हा आकडा लागला. गुणपत्रिकेतल्या आकड्यांनी ती तेवढी अस्वस्थ झालेली मी पाहिली नव्हती.

ही पेटी काही आजची नाही. १७६७ साली जिनिव्हात ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या निसर्गशास्त्रज्ञाने एकात एक बसणाऱ्या पाच काचेच्या पेट्या काळ्या टेबलावर मांडल्या. आतलं तापमान ८७ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं आणि त्याने ठेवलेली फळं शिजली. नंतर आतून काळं बूच लावलेल्या लाकडी पेटीवर तीन काचा बसवून तो १०९ अंशांपर्यंत पोचला. मग ती पेटी घेऊन तो डोंगरावर चढला. माथ्यावर हवा गार होती, तरी पेटी खालच्याइतकीच तापली, आणि ऊन तिथेही कमी नाही, विरळ हवाच उष्णता धरत नाही, असा अर्थ त्याने काढला. आपल्याकडे महाबळेश्वरच्या थंडीत सूर्यचूल चालेल का, असा प्रश्न दरवर्षी एक तरी मूल विचारतं. उत्तर अडीचशे वर्षांचं आहे. पुढे १८३० च्या दशकात जॉन हर्शेल हा खगोलशास्त्रज्ञ आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी दुर्बीण लावून बसला होता, तेव्हा त्याने अशाच पेटीत अंडी आणि मांस शिजवलं.

मला यांत जवळचा वाटतो तो मुंबईचा माणूस. विल्यम ॲडम्स नावाचा इंग्रज मुंबईच्या हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार होता. नोकरी कागदांची, नाद उन्हाचा. उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, हे सांगणारं त्याचं पुस्तक १८७८ साली मुंबईतच छापलं गेलं. कुलाब्यात आरशांच्या झोतावर त्याने वाफेचं इंजिन चालवून दाखवलं. त्याची चूल म्हणजे आठ बाजूंचं आरशांचं नरसाळं आणि मधोमध काचेखाली तांब्याचं भांडं. सात शिपायांचा मांस-भाजीचा शिधा त्यात दोन तासांत शिजायचा, आणि तो जानेवारीत, हे त्याने मुद्दाम नोंदवलं आहे. ज्या शहराने गेली दीडशे वर्षं घामाच्या धारा सोसल्या, त्याला हे नाव माहीत नाही. पाठ्यपुस्तकात एका चौकटीपुरता तरी ॲडम्स असायला हवा होता. सुदैवाने या पुस्तकात तो दोन पानं आहे.

आकडेमोडीची ज्यांना भीती वाटते त्यांनी सहावं प्रकरण टाळू नये. स्वच्छ दुपारी दर चौरस मीटरवर साधारण हजार वॅट ऊन पडतं. चाळीस सेंटीमीटर लांब-रुंद काचेवर म्हणजे एकशे साठ वॅट. काच काही परतवते, भिंती काही गिळतात, फटी काही घालवतात. आरशाची भर धरूनही पाण्यापर्यंत ऐंशी वॅट पोचले तरी नशीब. एक लिटर पाणी पंचवीस अंशांपासून शंभरपर्यंत न्यायला तीन लाख चौदा हजार ज्यूलच्या जवळपास ऊर्जा लागते. भागाकार करा: पासष्ट मिनिटं. गॅसच्या मोठ्या शेगडीची ताकद दोन हजार वॅटच्या आसपास असते, म्हणून ती तेच काम काही मिनिटांत उरकते. हा हिशेब कळला की मुलं पेटीकडून चमत्काराची अपेक्षा सोडतात आणि तिच्या कलाने घ्यायला लागतात. तांदूळ शिजायला पाणी खळखळावं लागत नाही. ऐंशी-पंचाऐंशी अंश टिकून राहिले तरी तो शिजतो, फक्त वेळ लागतो. शेंगदाणे पेटीत सुंदर भाजतात, सतत हलवायला नकोत. रताळी पाण्याशिवाय शिजतात आणि चुलीतल्यापेक्षा गोड लागतात, निदान मला. खरं तर ही कला आपल्या घरांत होतीच. साखर घातलेल्या कैरीची बरणी फडकं बांधून उन्हात ठेवणाऱ्या बाईला काच, काळा रंग आणि वॅट यांतलं काही नको होतं. तिला सबुरी होती.

आता त्या आजीकडे येतो, जिच्यामुळे मला या विषयाबद्दल आधी वाटत होतं ते बरंचसं बदललं.

तिसऱ्या वर्षी आमच्या एका पेटीत वरण-भात शिजला. पूर्ण शिजला. ज्या मुलाच्या गटाची पेटी होती त्याने तो डबा झाकून घरी नेला आणि आजीपुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तोंड पाडून वर्गात आला. आजीने घास घेतला होता, आणि म्हणाली होती, “उनात शिजलं म्हंतोस ते खरं. पन फोडणी कुठं हाय?”

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण पेटीची मर्यादा मी दोन तासिका घेऊन सांगितली असती ती म्हातारीने एका शब्दात सांगितली होती. मोहरी तडतडायला तेल दीडशेच्या बरंच वर जावं लागतं. भाकरीचा तवा त्याहून तापतो. आपली पेटी रिकामी असताना कशीबशी शंभर-सव्वाशेला पोचते, आणि आत पाणी असलं की शंभरपाशी अडते. भाकरी नाही, फोडणी नाही. म्हणजे माणदेशातल्या जेवणाचा अर्धा भाग आधीच बाद. मग मी मुलांना एक काम दिलं, जे आता या पुस्तकाचं नववं प्रकरण वाचताना मला फार ओळखीचं वाटलं: आपल्या घरी आणि शेजारच्या एका घरी जा, आणि स्वयंपाक केव्हा होतो, कोण करतं, कशावर होतो, आणि अकरा ते दोन या वेळात घरी कोण असतं ते विचारून या.

उत्तरं एकसारखी आली. स्वयंपाक पहाटे साडेपाच-सहाला, शेतावर जायच्या आधी, किंवा संध्याकाळी दिवेलागणीनंतर. पेटीला हवी ती वेळ भर दुपारची. त्या वेळी घरात म्हातारी माणसं आणि शेळ्या, आणि शेळ्यांना पुठ्ठा आवडतो. सरपणाला पैसे पडत नाहीत, बाभळीच्या काटक्या फुकट मिळतात. फुकट म्हणजे बाईचे दोन तास, पण ते कुणी मोजत नाही. हे शेवटचं वाक्य माझं नाही, आठवीतल्या एका मुलीच्या वहीतलं आहे.

स्वतंत्र भारताने ही ठेच फार लवकर खाल्ली होती. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात अन्वस्ताकार आरशाची सूर्यचूल बनवली. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ती चांगली होती. पण स्वयंपाक करणारीने उन्हात उभं राहायचं, थोड्या थोड्या वेळाने आरसा वळवायचा, डोळ्यांवर तिरीप घ्यायची, आणि तेही चुलीला हात लावायची जी वेळ नव्हे त्या वेळी. ती खपली नाही. उलट जिथे एक मोठं स्वयंपाकघर आहे, जेवणाऱ्यांची संख्या ठरलेली आहे आणि आरशांची निगा राखायला पगारी माणूस आहे, तिथे सूर्य मुकाट्याने कामाला लागतो. शिर्डीच्या प्रसादालयाच्या गच्चीवर २००९ पासून प्रत्येकी सोळा चौरस मीटरच्या ७३ तबकड्या वाफ तयार करताहेत, आणि खाली हजारोंच्या पंगती उठतात. फोडणी तिथेही गॅसवरच देत असतील. मुलांना शिर्डीला नेणारी सहल दरवर्षी निघते. दर्शनाच्या रांगेतून बाहेर पडल्यावर कुणीतरी त्यांना मान वर करून त्या तबकड्या दाखवाव्यात, एवढंच माझं म्हणणं.

काम करत शिकायचं हा विचार महाराष्ट्राला परका नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम काढला. तिथे घडलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस पूर्ण हाताने काम करायला लावतो: वेल्डिंग, शेती, घर आणि आरोग्य, ऊर्जा. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की मुलांनी बनवलेली वस्तू गावात कुणाच्या तरी उपयोगी पडावी लागते. कपाटावर ठेवायला काही बनवायचं नाही. या पुस्तकाचे लेखक त्या परंपरेतले आहेत, जरी त्यांनी तसं कुठे लिहिलेलं नाही.

एका बाबतीत माझं त्यांच्याशी जमत नाही. अकरावं प्रकरण अन्वस्ताकार आरशावर आहे आणि ते आठवीपासून करायला हरकत नाही असं ते म्हणतात. माझी हरकत आहे. पेटीने हात भाजतो, वाफेने चटका बसतो, काचेने बोट कापतं; हे सगळं जपलं तर टळतं. आरशाची तबकडी मात्र पटांगणात विसरून राहिली तर तिच्या झोतात दप्तरही पेटू शकतं, आणि डोळ्याचं नुकसान तर कळेपर्यंत होऊन गेलेलं असतं. दहावीनंतर करा, आणि मोठं माणूस शेजारी उभं करून करा. काळ्या ऑइलपेंटबद्दल त्यांनी दिलेली सूचना मात्र कुणी चुकवू नये: रंगवलेली पेटी दोन-तीन दिवस रिकामीच तापवायची, वास पूर्ण गेल्याशिवाय आत अन्न ठेवायचं नाही. तसंच मध्येच ढग आले आणि भात अर्धवट राहिला तर तो कोमट पेटीत संध्याकाळपर्यंत तसाच ठेवायचा नाही. सरळ शेगडीवर शिजवून घ्यायचा. यात कसला पराभव नाही, जंतूंना ऊबदार भात फार आवडतो.

राहिली आमची ती पाहणी. तिने मुलं खट्टू झाली. तीन वर्षं खपून केलेली वस्तू कुणाच्याच आईला नको होती, आणि का नको ते त्यांनीच वहीत लिहून आणलं होतं. दोन आठवडे पेट्या वर्गाच्या मागे पडून होत्या. मग एका मुलाने, थंडीत डबा गार होतो म्हणून, सकाळी साडेदहाला आपला डबा एका पेटीत ठेवला आणि मधल्या सुट्टीत काढला. पोळ्या वाफाळल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सहा डबे, आठवड्याने सगळ्या पेट्या भरलेल्या. त्यांनी एक पेटी मोडून तिच्या आत लाकडी फळीचे दोन कप्पे केले, झाकण दोघांना उघडता येईल असं केलं, आणि शिपाईमामांना पेटी वळवायचं काम दिलं, दर तासाच्या घंटेला एकदा. शाळेची घंटा मामाच द्यायचे, त्यामुळे विसरण्याचा प्रश्न नव्हता.

मग नियम आले. पेटीच्या बाजूला पुठ्ठ्यावर, मुलांच्या अक्षरात: फक्त स्टीलचे डबे, प्लास्टिकचा ठेवला तर तुमची जबाबदारी. डब्यावर नाव खडूने लिहा, कागद चिकटवू नका. खिचडी तळाशी, पोळी वर. ढगाळ दिवशी कुरकूर करायची नाही. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या शाईने, नंतर कुणीतरी घाईघाईने भर घातलेलं: श्रीखंड ठेवू नये.